कर्करोगाचे उपचार संपलेल्यांसाठी मराठीत ऑनलाइन अभ्यासक्रम करायचा आहे. पहिला प्रयत्न फसला, सल्ला हवा

कोयनाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे. गेली नऊ वर्षे माझ्याकडे येणाऱ्यांत स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या बायका बऱ्याच असतात. शस्त्रक्रिया, किमो आणि रेडिएशन पार पडून ज्या दिवशी डॉक्टर ‘आता तीन महिन्यांनी या’ असे सांगतात, त्या दिवसापासून पुढे कसे राहायचे हे सांगायला ओपीडीत कोणाला वेळ नसतो. म्हणून या बायकांसाठी सहा आठवड्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम मराठीत करावा असे मी गेल्या दिवाळीत ठरवले.

पहिला प्रयत्न सपशेल फसला. मी अठरा ते वीस मिनिटांचे आठ व्हिडिओ केले, त्यात पेशींचे विभाजन, लसिकासंस्थेची आकृती, आहारातील घटक असे सगळे शिस्तीत बसवले आणि बारा जणींना पाठवले. शेवटपर्यंत दोघींनी पाहिले. त्यातल्या एक निवृत्त शिक्षिका होत्या आणि त्यांनीही ते माझा मान राखायला पाहिले असावेत. एक बाई पुढच्या भेटीत मला म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही सगळं सांगितलंत, पण भाकरी थापायची का नाही तेवढं राहिलं.”

ते खरोखरच राहिले होते. ज्वारीचे गरम पीठ मळताना आणि परातीत भाकरी थापताना तळहात, मनगट आणि खांदा या तिन्हींवर पुन्हापुन्हा भार येतो, शिवाय तव्याची धग असते. काखेतल्या गाठी (शरीरातला द्राव वाहून नेणाऱ्या लसिकासंस्थेच्या ग्रंथी) काढलेल्या हाताला सूज येण्याची भीती डोक्यात असलेली बाई एक तर भाकरी थापणेच सोडून देते आणि घरात बोलणी खाते, नाही तर पहिल्याच दिवशी दहा माणसांच्या भाकऱ्या थापून रात्री हात उशीवर ठेवून बसते. ‘ऑपरेशनच्या हाताने आयुष्यात वजन उचलायचे नाही’ हा जुना सल्ला अजून सर्रास दिला जातो. वास्तविक २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, हाताला आधीच सूज असलेल्या १४१ बायकांपैकी ज्यांनी आठवड्यातून दोनदा देखरेखीखाली हळूहळू वाढवत वजने उचलली, त्यांची सूज इतरांपेक्षा वाढली नाही, उलट सूज मध्येच उसळण्याचे प्रकार कमी झाले. म्हणजे उत्तर ‘थापा’ असेच आहे. पण पहिल्या आठवड्यात दोन, मग चार, आणि हात जड वाटला की थांबायचे. एवढे सांगायला तीन मिनिटे पुरली असती आणि मी वीस मिनिटांच्या आठ चित्रफिती केल्या.

आता सगळे नव्याने करायचे आहे, तर जाणकारांनी मार्गदर्शन करावे. अभ्यासक्रमात काय घ्यावे आणि काय सोडावे? व्हिडिओ करावा की नुसता आवाज पुरेल? वैद्यकीय सल्ल्याची मर्यादा कुठे आखावी? आणि या बायकांना संबोधायचे काय? ‘सर्व्हायव्हर’ला एकही मराठी शब्द मला मनापासून पटलेला नाही.

पांढरी टोपी

मी कर्करोग विभागाच्या फॉलोअप ओपीडीत परिचारिका आहे. तुमच्या पहिल्या प्रयत्नात मजकूर चुकीचा नव्हता, पण तो डॉक्टरांच्या पुस्तकाच्या क्रमाने लावलेला होता आणि बाईचे प्रश्न त्या क्रमाने येत नाहीत. तिचा पहिला प्रश्न रेडिएशनच्या शेवटच्या दिवशी येतो. पाच-सहा महिने कोणी ना कोणी रोज तपासत होते, टोचत होते, विचारत होते. आणि एकदम उद्यापासून कोणीच नाही. मी दारात उभी असते तेव्हा बहुतेक जणी पिशवी सावरत एकच वाक्य बोलतात, “मग आता मी काय करू?” अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००५ साली नेमक्या याच पोकळीवर मोठा अहवाल काढला होता. रुग्ण उपचारांतून बाहेर पडताना वाटेतच हरवतो, म्हणून प्रत्येकाला उपचारांचा गोषवारा आणि पुढच्या देखरेखीचा लेखी आराखडा द्यावा, अशी त्याची शिफारस होती. पुढे झालेल्या चाचण्यांत असे दिसले की नुसता कागद हातात दिल्याने फारसा फरक पडत नाही. तो कागद वाचून दाखवणारे आणि त्यावरून पुढचे पाऊल उचलायला लावणारे कोणी तरी लागते, आणि तुमच्या अभ्यासक्रमाला जागा आहे ती तिथेच.

म्हणून माझ्या मते पहिला पाठ ‘तुमची फाईल’ हा असावा. प्लास्टिकच्या पिशवीतून ती जाड फाईल काढायची आणि एका पानावर स्वतःच्या किंवा मुलीच्या हाताने लिहायचे: कोणत्या बाजूची शस्त्रक्रिया, कधी, काखेतल्या किती गाठी काढल्या, किमोच्या औषधांची नावे, रेडिएशन कोणत्या बाजूला आणि किती दिवस, सध्या कोणती गोळी चालू आहे, पुढची तारीख कोणती. हे पान उद्या गावातल्या डॉक्टरांसमोर ठेवता येते. ज्याला आमच्याकडे सगळ्या जणी ‘लाल किमो’ म्हणतात त्या डॉक्सोरुबिसिनचा परिणाम काही वर्षांनीही हृदयावर दिसू शकतो, ट्रास्टुझुमॅब हे औषध घेतलेल्यांच्या हृदयावरही लक्ष ठेवावे लागते, आणि दम लागतो म्हणून गावात गेलेल्या बाईला हे सांगता आले नाही तर तिला अशक्तपणाची बाटली लावून घरी पाठवले जाते. गाठींची संख्याही महत्त्वाची आहे. ज्यांच्या दोन-तीनच गाठी तपासणीसाठी काढल्या त्यांना हात सुजण्याचा धोका बराच कमी असतो, काख पूर्ण साफ केलेल्यांना जास्त असतो. दोघींना सारखेच घाबरवण्यात अर्थ नाही.

दुसरा पाठ गोळीचा असू द्या. टॅमॉक्सिफेन ही हार्मोनचा परिणाम रोखणारी गोळी पाच वर्षे, काहींना दहा वर्षेही घ्यावी लागते. ‘रोग गेला, मग गोळी कशाला’ असे म्हणून ती दीड-दोन वर्षांत परस्पर बंद करणाऱ्या बायका मी जितक्या पाहिल्या, तितका दुसरा कोणताही घोळ पाहिलेला नाही. अंगातून वाफा येतात, पाळी बिघडते, आणि हे गोळीमुळे होते व त्यावर उपाय असतो हे कोणी सांगितलेले नसते. त्याच पाठात स्पष्ट सांगावे की पाळी गेलेल्या बाईला या गोळीवर असताना रक्तस्राव झाला तर तो अंगावर काढायचा नाही, कारण ही गोळी गर्भाशयाच्या अस्तरावर परिणाम करते. लेट्रोझोलसारख्या, शरीरातले हार्मोन कमी करणाऱ्या गोळ्यांवर असलेल्यांचे सांधे दुखतात आणि हाडे विरळ होतात, ते वेगळे सांगावे लागेल.

तपासण्यांबद्दल दोन वाक्ये पुरेत. वर्षातून एकदा मॅमोग्राम (स्तनाचा एक्स-रे) हवा. कसलाही त्रास नसताना दर सहा महिन्यांनी पेट स्कॅन नको. भीतीपोटी दागिना मोडून स्कॅन करून आलेली बाई समोर बसली की मला कोणावर रागवावे ते कळत नाही.

अबोली

मी स्वतः या रांगेतून गेलेली आहे. उपचार संपून सहा वर्षे झाली, डावी बाजू. वरचे सगळे पटले, पण मी दुसऱ्या टोकाकडून बोलते.

आधी शब्दाचे बोलू. कृपया ‘योद्धा’ आणि ‘विजेती’ हे शब्द वापरू नका. माझ्याबरोबर किमो घेणारी शेजारच्या खाटेवरची बाई गेली, ती काय हरली म्हणून गेली? तिने माझ्यापेक्षा काकणभर जास्तच सोसले होते. ‘कर्करोगमुक्त’ हा शब्द दर तपासणीच्या आधीच्या आठवड्यात मला खोटा वाटतो, कारण त्या आठवड्यात मी मुक्त वगैरे नसते, मी फक्त जागी असते. ‘उपचार झालेल्या’ हा साधा शब्द मला चालतो. तो कोणतेही वचन देत नाही.

आता एक गोष्ट, जी अभ्यासक्रम करणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. फोन कोणाचा आहे? माझ्या उपचारांच्या काळात मी मुलाचा फोन वापरत होते, आणि आमच्या गटातल्या निम्म्याअधिक बायकांचा फोन मुलाचा, नवऱ्याचा किंवा सुनेचा असायचा. एका संस्थेने मला तेव्हा एका व्हॉट्सॲप गटात घातले, ज्याच्या नावातच ठळक अक्षरांत ‘ब्रेस्ट कॅन्सर’ असे होते. पुतणीच्या लग्नाची बोलणी चालू असताना पाहुण्यांसमोर टेबलावर पडलेल्या फोनच्या पडद्यावर ते नाव उजळले. पुढे काय झाले ते इथे लिहीत नाही. त्या संस्थेचा हेतू चांगलाच होता, म्हणूनच सांगते: गटाला ‘सकाळचा व्यायाम’ किंवा ‘आपले आरोग्य’ असे काही तरी नाव द्या, आणि फायलींची नावेही तशीच ठेवा.

नवराबायकोच्या संबंधांवरचा पाठ टाळू नका, तो सगळ्यांत जास्त ऐकला जाईल. कोरडेपणा येतो, दुखते, स्वतःच्या छातीकडे पाहवत नाही, नवरा हात लावायला घाबरतो आणि त्याला वाटते आपण हात लावला तर तिला त्रास होईल. तिला वाटते आता मी त्याला नको आहे. हे कोणी बोलत नाही. पण हा पाठ चित्राचा करू नका, नुसत्या आवाजाचा करा, म्हणजे स्वयंपाकघरात कानाला फोन लावून कोणाशी तरी बोलत असल्यासारखे ऐकता येतो. आणि त्यात हेही सांगा की हार्मोन असलेली मलमे स्वतःच्या मनाने मेडिकलमधून आणायची नाहीत. ज्यांच्या गाठीची वाढ हार्मोनवर होते त्यांनी त्यासाठी आधी कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारले पाहिजे. पाण्याच्या आधाराची साधी जेली मिळते, तिला ही अडचण नसते. मला ही एवढी माहिती चौथ्या वर्षी मिळाली.

थकव्याबद्दलही बोला. तो झोपून जात नाही. घरचे म्हणतात, आता तर सगळे संपले, मग उठत का नाहीस? ‘सकारात्मक विचार करा’ असे सांगणारा एक जरी पाठ तुमच्या अभ्यासक्रमात आला तरी मी तिथेच फोन ठेवीन, आणि माझ्यासारख्या बऱ्याच जणी ठेवतील.

फीतवाला

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही. शेतकऱ्यांसाठी आणि अंगणवाडी सेविकांसाठी ध्वनिफिती व छोटे व्हिडिओ करण्याचे काम मी पंधरा वर्षे केले आहे, त्या अनुभवावर लिहितो.

एका पाठात एकच कृती सांगावी आणि पाठ चार मिनिटांच्या पुढे जाऊ देऊ नये. चार मिनिटांचा बोलका पाठ एका चॅनलवर, बत्तीस केबीपीएस दराने साठवला तर तो जेमतेम एक एमबीचा होतो आणि डोंगरातल्या वाडीतही उतरवता येतो. तेवढ्याच वेळेचा साधा व्हिडिओ पंधरा-वीस एमबीच्या घरात जातो. म्हणून बोलण्याचे सगळे आवाजात करा आणि व्हिडिओ फक्त व्यायामासाठी राखून ठेवा. ॲप काढण्याच्या भानगडीत पडू नका. पासवर्ड विसरला की विद्यार्थी गेलाच समजा.

व्यायामाच्या व्हिडिओत एक चूक मी स्वतः केलेली आहे. शिकवणारा कॅमेऱ्याकडे तोंड करून उभा राहिला आणि ‘उजवा हात वर’ म्हणाला, की पाहणारा आरशासारखा डावा हात वर करतो. तुमच्या बाबतीत तर बाजूलाच सगळे महत्त्व आहे. त्यामुळे शिकवणारीला पाठमोरी उभी करा आणि ‘उजवा’, ‘डावा’ हे शब्दच काढून टाकून ‘ऑपरेशनच्या बाजूचा हात’ आणि ‘दुसरा हात’ असे म्हणा. बाई साडी नेसलेली असू द्या. जिममधल्या कपड्यांतली मुलगी दिसली की ‘हे आपल्यासाठी नाही’ असा निकाल पाचव्या सेकंदाला लागतो.

भाषेबद्दल एक धोक्याची सूचना. ‘गाठ’ हा शब्द मराठीत कर्करोगाच्या गाठीलाही आहे आणि काखेतल्या लसिकाग्रंथीलाही आहे. ‘तुमच्या काखेत गाठी असतातच’ हे वाक्य शास्त्रीयदृष्ट्या बिनचूक आहे आणि ऐकणारीच्या पोटात गोळा आणणारे आहे. ‘लसिकाग्रंथी’ म्हणालात तर कोणाला कळणार नाही. आमच्याकडे पायाला जखम झाली की जांघेत ‘अवधाण’ येते असे म्हणतात; ती जी सुजते तीच ग्रंथी, तशाच काखेत असतात आणि ऑपरेशनमध्ये त्या काढल्या, असे एकदा नीट समजावून पुढे ‘काखेतल्या ग्रंथी’ म्हणावे आणि ‘गाठ’ हा शब्द रोगाच्या गाठीसाठीच राखून ठेवावा. (साताऱ्याकडे हा शब्द चालतो का ते तपासून घ्या.) ‘पॉझिटिव्ह’ आणि ‘निगेटिव्ह’चेही तसेच. माझ्या मावशीच्या अहवालात ‘ट्रिपल निगेटिव्ह’ लिहिलेले पाहून तिने पेढे आणायला सांगितले होते. शेवटी डॉक्टरांनी बसवून समजावले की तीन ठिकाणी ‘निगेटिव्ह’ म्हणजे रोग नाही असे नसून हार्मोनच्या गोळीचा उपयोग होणार नाही अशी ती जात आहे.

पाठाच्या शेवटी बहुपर्यायी प्रश्न घालू नका. ‘आज सांगितलेले तुमच्या शब्दांत मला सांगा’ एवढे म्हणा आणि अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप मागा. परीक्षा झाली असे बाईला वाटत नाही, आणि कोणती गोष्ट उलटी समजली आहे ते तुम्हाला दुसऱ्या दिवशी कळते.

गोदाकाठचा

मी नांदेडकडचा. वडिलांना गालाचा कर्करोग झाला होता. शस्त्रक्रिया आणि रेडिएशन होऊन चार वर्षे झाली. धागा स्तनाच्या कर्करोगाचा आहे हे मान्य, पण अभ्यासक्रमांचा विषय निघाला की तोंडाच्या रोग्यांना कोणी विचारत नाही. आपल्या देशातल्या पुरुषांत हाच कर्करोग सगळ्यांत पुढे आहे. कदाचित तंबाखू खाऊन झाला म्हणून त्याची सहानुभूती कमी पडत असेल. दुसरा अभ्यासक्रम कराल तेव्हा उपयोगी पडेल म्हणून लिहून ठेवतो.

रेडिएशननंतर वडिलांचे तोंड आक्रसत गेले. सुरुवातीला तीन बोटे जात होती, चार महिन्यांत एक बोट जाईना. तपासणीच्या वेळी तिथल्या फिजिओबाईंनी आइसक्रीमच्या चपट्या काड्यांची चळत दातांत धरायला शिकवले. आज नऊ काड्या गेल्या तर आठवडाभर नऊच, मग दहावी हळूच सरकवायची आणि तेवढे धरून बसायचे, दिवसातून पाच वेळा. आई रोज रात्री भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात काड्यांचा आकडा लिहायची. सतरा काड्यांपर्यंत आम्ही गेलो आणि मग ते आमटीत कुस्करलेली भाकरी चमच्याने खाऊ लागले. हा व्यायाम आम्हाला पहिल्याच आठवड्यात कळला असता तर तोंड इतके बंद झालेच नसते, असे मला आजही वाटते.

दोन गोष्टी आम्हाला ठेच लागून कळल्या. एक, रेडिएशन घेतलेल्या जबड्याचा दात परस्पर उपटायचा नाही. तिथल्या हाडाचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो आणि जखम भरून न येता हाड सडू शकते, म्हणून दातांच्या डॉक्टरांना आधी फाईल दाखवायची. आम्ही खुर्चीवर बसल्यावर सांगितले, नशिबाने त्या डॉक्टरांनी हात थांबवला. दुसरी, मानेला रेडिएशन मिळाले की थायरॉइड हळूहळू मंदावू शकते. वडील सुस्तावले, थंडी वाजायची, आम्ही वर्षभर ‘मनाला लावून घेतले आहे’ असे म्हणत राहिलो. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासल्यावर गोळी सुरू झाली आणि महिना-दीड महिन्यात माणूस ओट्यावर बसून गप्पा मारू लागला.

तंबाखूचा पाठ घराला उद्देशून करा, एकट्या रोग्याला उद्देशून नको. वडिलांनी गुटखा सोडला, पण आई सकाळ-संध्याकाळ मिश्री लावते आणि डबी त्याच फडताळात असते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच आहे हे तिला दात घासण्याच्या सवयीपोटी पटत नव्हते. सरकारची तंबाखू सोडवणारी मोफत दूरध्वनी सेवा आहे, १८००-११-२३५६, तिचा क्रमांक पाठात सांगितला तर बरे.

आणखी एक अनुभव. आम्ही ज्या गटात होतो तिथे कोणी तरी कर्करोग मुळापासून घालवणाऱ्या भुकटीची जाहिरात टाकू लागले आणि चालक गप्प राहिले. तीन जणांनी पैसे भरल्याचे मला माहीत आहे. कर्करोग बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या कायद्याने बंद आहे. गट काढलात तर निरोप टाकण्याचा अधिकार फक्त चालकांकडे ठेवा आणि बायकांचे प्रश्न वेगळ्या क्रमांकावर घ्या.

कोयनाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. अबोलीताई, फोन कोणाचा हा प्रश्न मला नऊ वर्षांत सुचला नव्हता, याची लाज वाटली. गटाचे नाव ‘सकाळचा व्यायाम’ हेच ठेवले आहे आणि संबोधन ‘उपचार झालेल्या मैत्रिणींनो’ असे केले आहे. फीतवाले, ‘अवधाण’ हा शब्द आमच्या ओपीडीत विचारला. साठीच्या पुढच्या सगळ्या जणींना माहीत होता, तिशीतल्या एकीलाही नाही. तो एकदाच, आजीच्या तोंडी घालते. गोदाकाठचे भाऊ, काड्यांचा पाठ मी आमच्या दंतविभागाला बरोबर घेऊन नक्की करीन, पण एका वेळी एकच आजार, नाही तर पुन्हा आठ लांबलचक चित्रफिती होतील.

चर्चा वाचताना मला एक चाचणी आठवत राहिली. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि किमो झालेल्या ८८९ जणांपैकी निम्म्यांना आरोग्य-शिक्षणाचे साहित्य दिले, आणि निम्म्यांना त्या साहित्याबरोबर तीन वर्षे पाठपुरावा करणारा व्यायाम-मार्गदर्शक दिला. २०२५ मध्ये निकाल आला: पाच वर्षांनी रोग न उलटता जिवंत असलेल्यांचे प्रमाण मार्गदर्शक असलेल्या गटात ८०.३ टक्के आणि नुसते साहित्य मिळालेल्या गटात ७३.९ टक्के होते. हे आतड्याच्या कर्करोगाचे आकडे आहेत, ते स्तनाच्या कर्करोगाला मी चिकटवणार नाही. पण माझे आठ व्हिडिओ म्हणजे ते नुसते साहित्यच होते, हे मला दिसले. त्यामुळे आता पाठ अठराच ठेवले आहेत आणि दर शनिवारी प्रत्येकीला दहा मिनिटांचा फोन करायचा आहे. एका वेळी पंधरापेक्षा जास्त जणी घेता येणार नाहीत. माझ्या संस्थेला मोठा आकडा हवा आहे, त्यावरून सध्या वाद चालू आहे.

सूज ओळखण्याच्या पाठाची संहिता अशी आहे, पाहून सांगावे:

“मैत्रिणींनो, हाताची सूज आधी बांगडीला कळते, मग आपल्याला. नेहमीची बांगडी मनगटावर रुतायला लागली, ब्लाउजची एकच बाही घट्ट झाली किंवा हात संध्याकाळी जड वाटला, तर घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. दर रविवारी दोन्ही हातांचा घेर मोजा. कोपराच्या खाली चार बोटांवर आणि कोपराच्या वर चार बोटांवर शिंप्याचा टेप लावा आणि आकडा लिहून ठेवा. दोन हातांत दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला तर मला फोन करा.”

पांढरी टोपी

संहिता छान उतरली आहे, बांगडीचे वाक्य अजिबात बदलू नका. बांगड्या न घालणाऱ्या बायकांसाठी बाहीचे वाक्य आहेच.

तीन दुरुस्त्या सुचवते. ‘चार बोटांवर’ असे म्हणू नका. एका रविवारी बाई स्वतः मोजेल, दुसऱ्या रविवारी सून मोजेल, दोघींची बोटे सारखी नसतात आणि एवढ्यानेच आकडा बदलेल. कोपराच्या हाडापासून टेपनेच दहा सेंटिमीटर मोजून तिथे पेनाने खूण करायला सांगा. शिवाय पहिला आकडा अभ्यासक्रमाच्या पहिल्या दिवशी तुमच्यासमोर घ्या, कारण कामाचा हात मुळातच दुसऱ्यापेक्षा थोडा जाड असतो आणि सुरुवातीचा फरक माहीत नसेल तर उजव्या बाजूच्या निम्म्या बायका विनाकारण फोन करतील.

तिसरी दुरुस्ती महत्त्वाची आहे. हात लाल झाला, गरम लागला, ठणकू लागला आणि ताप आला, तर तो सुजेचा पाठ नाही, तो जंतुसंसर्ग आहे. तिथे ‘मला फोन करा’ नको, ‘त्याच दिवशी दवाखान्यात जा’ असे हवे, आणि ते पाठाच्या शेवटी न ठेवता सुरुवातीलाच हवे, कारण शेवटपर्यंत सगळ्या ऐकतीलच असे नाही. मर्यादा कुठे आखावी असे तुम्ही विचारले होते, ती माझ्या मते इथे आहे. अहवाल वाचून अर्थ सांगणे, गोळी बदलणे किंवा थांबवणे, यांतले काहीही त्या शनिवारच्या फोनवर करायचे नाही. दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वे नोंदणीकृत डॉक्टरांसाठी आहेत, आपल्यासाठी नाहीत. बायका अहवालांचे फोटो पाठवतीलच. ते आपल्या फोनमध्ये साठवून ठेवू नका आणि नोंदवहीत नाव, आकडे आणि तारीख यांपलीकडे काही लिहू नका. २०२३ च्या वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यामुळे संस्थेलाही ते विचारले जाईल, त्यामुळे नोंदी ठेवण्याची लेखी संमती पहिल्याच दिवशी घ्या.

आकड्यावरून वाद चालू आहे म्हणालात, तर संस्थेला एक विचारून पाहा: पंधरा जणींची पहिली तुकडी संपली की त्यातल्या दोघी पुढच्या तुकडीला शनिवारचे फोन करायला तयार होतील का? मग तीस जणी घेता येतील. फक्त त्या दोघींना रिचार्जचे पैसे संस्थेने द्यावेत, हे आधीच लिहून घ्या.